सेंट मायकेलच्या बोळात

(परदेश प्रवासाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना हर्णैचे एक निवृत्त रेडिओ ऑफिसर या सदरातून उत्तरं देतात. या वेळची तिन्ही पत्रं लंडनविषयीची आहेत.)

प्रश्न : काका, आमचा मुलगा लंडनला एका बँकेत आहे. आंब्याची गडबड आटोपली की जूनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहोत. त्याची कचेरी ‘सिटी’ नावाच्या भागात आहे. तिथे कॉर्नहिल नावाच्या रस्त्यावरून एका चर्चच्या कडेने बोळ आत जातो आणि त्या बोळात साडेतीनशे वर्षांचा पब आहे म्हणे. तिथे तुम्हाला नेणारच, असा त्याचा हट्ट आहे. ह्यांच्या गळ्यात माळ आहे. मीही आयुष्यात कधी थेंब घेतलेला नाही. मुलाचं मन मोडवत नाही, आणि दारूच्या दुकानात जाऊन बसायचं हेही पटत नाही. काही न पिता बसलं तर चालतं का? बायका बसतात का? आणि तिथे बघण्यासारखं असतं तरी काय?
— एक आई, दापोली

उत्तर : ताई, जा. यजमानांनाही घेऊन जा, माळ गळ्यात असू दे. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून तुमचा मुलगा जमैका वाइन हाऊसविषयीच बोलत असणार. मी तिथे दोनदा जाऊन आलो आहे आणि दोन्ही वेळा दारूला हात लावलेला नाही.

आधी तुमच्या मनातल्या अडचणीविषयी. ती मला परकी नाही. हर्णै बंदरात वाढलेल्या माणसाला दारू काय करते हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या मामाची मच्छीमारीची बोट दारूपायी गेली. मामी शेवटपर्यंत दुसऱ्यांची कोलंबी सोलत राहिली. मी पहिल्यांदा जहाजावर निघालो तेव्हा आईने माझ्याकडून शब्द घेतला, तो मी पाळला. त्यामुळे पब म्हणजे आपल्या चहाच्या हॉटेलासारखाच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिथे दारू विकतात आणि माणसं ती पितात. सिटीतल्या कचेऱ्यांनाही तिची काळजी वाटते. लॉइड्स या विम्याच्या मोठ्या बाजाराने २०१७ मध्ये आपल्या नोकरांना कामाच्या वेळात पिण्याची बंदी केली.

पण पब या शब्दाचं मूळ ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे चार माणसांसाठी उघडं असलेलं घर. आत येऊन बसण्याचा हक्क तुम्हाला एका सरबताच्या ग्लासावरही मिळतो. दुपारी तिथे निम्म्या बायका दिसतील, कुणी सुपाचा वाडगा घेऊन, कुणी नुसती कॉफी घेऊन. तुमच्या वयाची माणसं असतात. तुमच्याकडे वळून कुणी बघणारही नाही.

आणि एक गोष्ट यजमानांना मुद्दाम सांगा. जिथे तुम्ही जाणार, तिथलं जे नाव इतिहासात राहिलं ते दारूमुळे राहिलेलं नाही, कॉफीमुळे राहिलं आहे. डॅनियल एडवर्ड्स नावाचा एक व्यापारी तुर्कस्तानातल्या स्मर्ना बंदरातून लंडनला परत आला, तेव्हा कॉफी करून देणारा पास्क्वा रोझे नावाचा नोकर त्याच्याबरोबर होता. एडवर्ड्सच्या घरी कॉफी प्यायला इतकी माणसं लोटू लागली की त्याला स्वतःचं काम सुधरेना. शेवटी १६५२ मध्ये रोझेने सेंट मायकेलच्या चर्चलगत एक टपरी घातली. लंडनमधलं ते पहिलं कॉफीचं दुकान. आसपासच्या गुत्तेवाल्यांनी लगेच तक्रार केली की हा परका माणूस, याला या शहरात धंदा करायचा हक्क नाही. मग हक्क असलेला एक भागीदार सोबत घेऊन त्याने दुकान चालवलं. आज पबच्या भिंतीवर गोल पाटी आहे, त्यावर रोझेचं नाव आणि १६५२ हे साल आहे. आत शिरण्याआधी ती वाचा. मुलगा साडेतीनशे वर्षं म्हणतो ती त्या जागेची. रोझेचं दुकान १६६६ च्या मोठ्या आगीत जळालं आणि आज दिसते ती लाल दगडाची इमारत एकोणिसाव्या शतकातली आहे.

त्या आगीमुळेच तो बोळ कसा राहिला हेही सांगतो, कारण लोकांना त्याचंच नवल वाटतं. बाहेर काचेचे मनोरे, बसगाड्या, गळ्यात ओळखपत्र लटकावून धावणारी माणसं, आणि दहा पावलं आत शिरलं की एकदम अरुंद वाट. आग विझल्यावर रुंद, सरळ रस्त्यांचं नवं शहर वसवायचे आराखडे झाले होते. पण जागांचे मालक आपापल्या हद्दीवरून हटेनात, घरं पुन्हा भराभर उभी करायची होती, म्हणून बहुतेक जुन्या वाटांवरच शहर परत उभं राहिलं. आपल्याकडे घर पाडून स्लॅबचा बंगला बांधतात पण पाखाडी होती तिथूनच जाते, तसं. मला तर त्या बोळात शिरताना आमच्या वाडीतल्या पाखाडीचीच आठवण झाली. तिथेही दोन्ही बाजूंनी गडग्यांची ओल असते आणि वर पट्टीएवढं आभाळ.

मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारी १९८७. आमचं जहाज टिलबरीच्या गोदीत लागलं होतं. टिलबरीहून सुटणारी गाडी फेनचर्च स्ट्रीटला येते आणि ते स्टेशन थेट सिटीच्या पोटात आहे. त्या महिन्यात इंग्लंडच्या त्या भागात हाडं गोठवणारी थंडी आणि बर्फ पडलं होतं. आमचे चीफ इंजिनिअर गोव्याचे, वयाने वडील, लंडन पाठ असलेले. ते मला म्हणाले, “चल, तुला बसायची एक जागा दाखवतो.” मी म्हटलं, साहेब, मी घेत नाही. ते म्हणाले, “मी प्यायला नाही, बसायला म्हटलं.”

आत गडद लाकडाच्या उंच फळ्यांनी एकाच दालनाचे कप्पे केलेले. पूर्वी या कप्प्यांत बसून माणसं आपापले सौदे करत असणार, असं चीफसाहेब सांगत होते. एका कप्प्यात आम्ही उभे राहिलो, कारण बसायला जागा नव्हती. गडद सूट घातलेली माणसं कोपराला कोपर लावून उभी. मी संत्र्याचा रस मागितला. काउंटरवरच्या माणसाने तो दिला, पैसे घेतले आणि पुढच्याकडे वळला. मी तीन-चार दिवस मनात धरलेली धास्ती तिथे एका मिनिटात संपली. ताई, तुमच्यासाठी हे लिहायचं कारण तेवढंच. त्या काळी दुपारी तीनच्या सुमाराला घंटा वाजायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचे, कायदाच तसा होता. १९८८ मध्ये तो बदलला. आता दुपारभर बसता येतं.

आता ‘जमैका’ या नावाविषयी. चीफसाहेबांनी मला तेव्हा हे सांगितलं नव्हतं, मी पुढे वाचलं. जमैकाशी व्यापार करणारी मंडळी इथल्या कॉफीहाऊसमध्ये जमत, म्हणून ते नाव. आणि जमैकाचा व्यापार म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे आफ्रिकेतून जहाजांच्या पोटात कोंबून नेलेली गुलाम माणसं. त्या काळच्या लंडनच्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती यायच्या आणि त्यांत पत्ता म्हणून कॉफीहाऊसची नावं असायची. पुढे १८३३ चा कायदा होऊन वसाहतींतली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. माझा सगळा जन्म जहाजांच्या पोटात गेला, म्हणून असेल, पण दुसऱ्या वेळी त्या लाकडी कप्प्यात बसलो तेव्हा हेच डोळ्यांपुढे होतं. जागा सुंदर आहे. नाव कुठून आलं हे जाणून मग बसावं.

कामाच्या चार गोष्टी. सिटी हा जेमतेम एक चौरस मैलाचा भाग. २०२१ च्या जनगणनेत तिथे राहणारी माणसं दहा हजारांच्या आत होती आणि कामाला येणारी पाच लाखांच्या वर. त्यामुळे शनिवार-रविवारी तिथले बरेच पब बंद असतात. मी २०१९ मध्ये मुलीबरोबर गेलो तो नेमका रविवार होता. त्या बोळात आमच्या पावलांचा आवाज तेवढा येत होता. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा तुमच्या मुलाला कामाच्या दिवशी अर्धी रजा काढायला सांगा आणि उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. दुपारी बारा ते दोन जेवणाची झुंबड, संध्याकाळी पाचनंतर कचेऱ्या सुटल्याची. मधल्या वेळेत, अडीच-तीनच्या सुमाराला गेलात तर कप्पा तुमचाच.

टेबलापाशी बसून कुणी विचारायला येईल अशी वाट बघू नका. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचा. रांग दिसत नाही, पण ती असते. कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पुढे घुसू नका. संत्र्याचा रस, लाइम अँड सोडा, चहा-कॉफी मिळते. जिंजर बिअर नावाचं आल्याचं पेय असतं. नावात बिअर असली तरी ते बहुतेक ठिकाणी बिनदारूचंच असतं, तरी यजमानांसाठी विचारून खात्री करा. नळाचं पाणी गिऱ्हाइकाला फुकट दिलंच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. मुलाच्या कचेरीतले मित्र आले तर ते आळीपाळीने सगळ्यांसाठी पेय आणतात, त्याला ‘राउंड’ म्हणतात. त्यात तुमचा रसही येईल. मग मुलाची पाळी आली की यजमानांनी पैसे पुढे करावेत, मित्रांना फार बरं वाटतं. ग्लास ग्लासाला लावताना रसाचा ग्लास चालतो.

खाण्याचं मात्र जपून. बटाट्याच्या चिप्स दिसायला निर्धोक, पण पुष्कळ ठिकाणी मासे तळतात त्याच तेलात तळतात, काही ठिकाणी प्राण्याच्या चरबीत. माळकरी माणसाने विचारल्याशिवाय खाऊ नये. घरूनच आंबापोळी आणि लाडू बरोबर ठेवा आणि ते चर्चच्या मागच्या छोट्या बागेत बाकावर बसून खा, आत काढू नका.

जवळच बँक ऑफ इंग्लंडचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, तेही कामाच्या दिवशीच. समोरच्या रॉयल एक्स्चेंजच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी नाकतोडा आहे, तो मान वर करून बघा.

प्रश्न : सर, मी मुंबईत मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंगला आहे. मरीन इन्शुरन्सच्या तासाला सांगितलं की लॉइड्स एका कॉफीहाऊसमधून सुरू झालं. ते खरं का? आणि तिथली बुडालेल्या जहाजाची घंटा बघता येते का?
— एक कॅडेट, रत्नागिरी

उत्तर : अगदी खरं, बाळा. एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं टॉवर स्ट्रीटवर कॉफीहाऊस होतं. १६८८ च्या सुमारास त्याचा उल्लेख सापडतो. १६९१ मध्ये त्याने ते लोम्बार्ड स्ट्रीटला हलवलं. वरच्या पत्रातल्या बोळापासून ती जागा हाकेच्या अंतरावर. जहाजाचे कप्तान, मालक आणि व्यापारी तिथे बसायचे, कारण लॉइड त्यांना जहाजांच्या ताज्या बातम्या पुरवायचा. कुठलं जहाज कुठे दिसलं, कुठलं आलंच नाही. ज्याला विमा हवा असेल तो एका कागदावर जहाज आणि माल लिहून फिरवायचा. जो जेवढी जोखीम घ्यायला तयार असेल तो खाली आपली रक्कम लिहून सही करायचा. ‘अंडररायटर’ हा शब्द तिथून आला. खाली सही करणारा. लॉइड्सच्या इमारतीत गणवेशातल्या सेवकांना अजूनही ‘वेटर’ म्हणतात, इतकी ती कॉफीहाऊसची सवय मुरलेली आहे.

त्या काळी अशा जागांत लिलावही चालायचे. इंचभर मेणबत्ती पेटवून ठेवायची, बोली चालू ठेवायची आणि ज्योत विझण्याच्या क्षणी ज्याची बोली शेवटची त्याचा माल. तू हर्णैला ये एकदा. दुपार कलली की होड्या खाडीबाहेर नांगरतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात आणि वाळूवर लिलाव सुरू होतो. सुरमईच्या ढिगाभोवती उभ्या असलेल्या बायका ज्या चपळाईने बोली लावतात, ती बघितलीस की तुला पुस्तकातला धडा दहा मिनिटांत कळेल. मासळी खराब होत चालली आहे, हीच आमची मेणबत्ती.

ती घंटा ल्युटीन या जहाजाची. ऑक्टोबर १७९९ मध्ये ते हॉलंडच्या किनाऱ्यालगत बुडालं. सोनं होतं त्यात, विमा लॉइड्सकडे होता आणि त्यांनी तो पूर्ण भरला. घंटा १८५८ मध्ये वर काढली. वेळ उलटूनही न पोचलेल्या जहाजाविषयी वाईट बातमी आली की एक टोला, जहाज सुखरूप पोचलं की दोन टोले, अशी रीत होती, म्हणजे ज्यांनी जोखीम घेतली त्यांना सगळ्यांना एकाच वेळी कळावं. इमारतीत सर्रास सोडत नाहीत, पण सप्टेंबरच्या सुमारास लंडनमधल्या एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी उघडतात, तेव्हा चौकशी कर.

मी स्वतः रेडिओ खोलीत आयुष्य काढलं. मोर्सच्या ठोक्यांवर बॉम्बे रेडिओ या किनाऱ्यावरच्या केंद्राला त्याच्या खुणेच्या अक्षरांनी हाक मारायची, व्हीडब्ल्यूबी, व्हीडब्ल्यूबी. १९९९ मध्ये उपग्रहाची पद्धत पूर्ण लागू झाली आणि जहाजावर रेडिओ ऑफिसर ठेवायची गरज संपली. पण एक टोला की दोन टोले, याची वाट बघत बसलेल्या माणसांना मी ओळखतो. बंदरावर त्या माणसांना आपण बायको आणि आई म्हणतो.

प्रश्न : नमस्कार. मी हर्णैजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. आपल्या हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या नावाचा मनोरा लंडनमध्ये आहे, असं कुणीतरी सांगितलं. विश्वास बसत नाही. मुलांना काय सांगू?
— एक शिक्षिका, दापोली तालुका

उत्तर : बाई, आहे. सेव्हर्नड्रूग असं त्याचं नाव. सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या तोंडात जाऊन असा झाला. मी तो पाहिला, आणि पाहिला तो त्या बोळातल्या पबमुळेच. वर म्हटलं तसं रविवारी सिटीत सगळं बंद होतं. मुलगी म्हणाली, “बाबा, मग आज तुमच्या किल्ल्यावर जाऊ.” मला वाटलं ती माझी समजूत काढतेय.

आधी पडझडीची गोष्ट. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे होता. तुळाजी हे कान्होजींचे पुत्र. नानासाहेब पेशव्यांचं आणि तुळाजींचं बिनसलं होतं. पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे जहाज घेऊन आला. तोफांच्या माऱ्याने किल्ल्यात आग लागली, दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि २ एप्रिल १७५५ रोजी किल्ला पडला. पुढच्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्ग घेतला. तुळाजींचं आरमार संपलं आणि त्याबरोबर कोकणच्या समुद्रावरचा आपला धाकही. बाई, मुलांना हे सांगताना पेशव्यांचा भाग गाळू नका. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाच्या बाजूला उभं राहून समोरचा किल्ला बघताना मला लहानपणी फक्त इंग्रजांचा राग यायचा. वाचल्यावर तो राग दोन्हीकडे वाटला गेला.

जेम्स पुढे कंपनीचा संचालक झाला, अध्यक्ष झाला. १७८३ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या विधवेने शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर नवऱ्याच्या आठवणीसाठी तीन कोनांचा विटांचा मनोरा बांधला, सुमारे त्रेसष्ट फूट उंच. आराखडा रिचर्ड जप नावाच्या वास्तुविशारदाचा. तो ईस्ट इंडिया कंपनीच्याच नोकरीत होता. दारावरच्या लेखात लिहिलं आहे की मलबारच्या किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला या अधिकाऱ्याच्या शौर्यापुढे आणि कर्तबगारीपुढे पडला. तारीखही दिली आहे. तुळाजींचं नाव नाही, पेशव्यांचं नाही. आणि आपला किनारा मलबार नव्हे. मी तो लेख हाताने चाचपून वाचला. मुलगी गप्प उभी होती.

तिथून मला १९८७ ची ती चाल आठवली. फेनचर्च स्ट्रीटला उतरून चीफसाहेबांबरोबर मी लाइम स्ट्रीटवरून गेलो होतो, पोलादी नळ्यांनी मढवलेली लॉइड्सची नवी कोरी इमारत तोंड उघडं टाकून बघितली होती. ती इमारत ज्या जागेवर आहे, तिथेच पूर्वी लेडनहॉल स्ट्रीटचं ईस्ट इंडिया हाऊस होतं. कंपनीची मुख्य कचेरी. जेम्स त्याच कचेरीत बसायचा. सुवर्णदुर्गाचं काय करायचं, बाणकोट ठेवायचं की नाही, ही पत्रं त्याच पत्त्यावर जात. कंपनी गेली, १८६१ मध्ये ती वास्तूही पाडली. आणि हर्णैचा एक पोरगा त्याच जागेसमोर उभा राहून थंडीने हात चोळत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. कॉफीहाऊसचा बोळ तिथून पाच मिनिटांवर. जहाजं कुठली निघाली, माल किती, जोखीम कुणाची, हे त्या पाच-सात गल्ल्यांतल्या टेबलांवर ठरत होतं आणि त्याचे तोफगोळे आपल्या खडकावर पडत होते. दापोलीच्या ताईंना मी पबमध्ये जा असं इतक्या आग्रहाने लिहिलं, ते या कारणाने. बाई, तुमच्या शाळेतलं कुणी मूल उद्या त्या शहरात नोकरीला जाईल. त्याने ती वाट माहिती घेऊन चालावी.

मनोरा मधली बरीच वर्षं बंद पडलेला होता. तिथल्या रहिवाशांनी ट्रस्ट काढून तो दुरुस्त केला आणि २०१४ मध्ये पुन्हा उघडला. आम्ही लंडन ब्रिजवरून एल्टमच्या गाडीने गेलो आणि झाडीतून टेकडी चढलो. ती झाडी बघून तुम्हाला आपल्या देवराईची आठवण येईल. आत चहाची छोटी सोय आहे. स्वयंसेवक असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, सेव्हर्नड्रूगहून. त्यांना आधी समजलं नाही. मग मी फोनवरचा फोटो दाखवला, आमच्या घराच्या माडीवरून काढलेला, समोर समुद्रात किल्ला. त्यांनी इतर दोघांना हाक मारून बोलावलं. बराच वेळ त्या फोटोकडे बघत होत्या. “आम्हाला वाटायचं तो कधीच नष्ट झाला असेल,” असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की तटबंदी अजून उभी आहे, गोड्या पाण्याचं टाकं आहे, आणि समुद्र शांत असला की होडीने जाता येतं.

वरच्या गच्चीवरून सिटीचे मनोरे दिसतात. मुलीने विचारलं, हर्णै कुठल्या बाजूला? ती आग्नेयेकडे बोट दाखवत होती. सपाट नकाशा डोळ्यापुढे असला की सगळे तसंच दाखवतात. मी तिला पूर्व दाखवली. रेडिओच्या लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून जवळच्या वाटेने जातात, त्या हिशेबाने लंडनहून हर्णै जवळजवळ सरळ पूर्वेला येतं, जेमतेम दोन अंश दक्षिणेकडे. वर्गात पृथ्वीचा गोल असेल तर मुलांना करून दाखवा. एक टोक लंडनवर, दुसरं हर्णैवर, आणि मधला दोरा ताणून धरा.